सत्त्याण्णव टक्के माणूस

कलादालनातली ती भिंत पहिल्यांदा उजळली तेव्हा सफाईच्या मावशींचा मॉप जागच्या जागी थबकला. काळ्याभोर पडद्यावर उजेडाचे हजारो ठिपके मुंग्यांसारखे धावत आले, एकत्र जमले आणि बघता बघता त्यांची मावशी झाली! वाकलेली पाठ, हातात दांडा, पायाशी बादली. खाली अक्षरं उमटली: माणूस, बारा टक्के.

"बाराच?" मावशी पुटपुटल्या. "असू दे बाई, जशी तुझी मर्जी."

भिंत घडवणारी चित्रकार ताई हसली. "ती अजून शिकतेय, मावशी. माणूस कसा असतो हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. पंधरा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघेल आणि आपलं आपण ठरवेल. हल्ली नोकरी कुणाला द्यायची, संशय कुणावर घ्यायचा, सगळं यंत्रंच ठरवतात ना? ती कशी ठरवतात ते लोकांना दिसावं, म्हणून हा खटाटोप."

मावशींनी मान डोलावली. त्यांच्या मुलाचा अर्ज गेल्याच महिन्यात अशाच कुठल्याशा यंत्राने परत पाठवला होता. आता घर मावशींच्या एकटीच्या पगारावर होतं.

ताई परगावी गेली. मागे व्यवस्थापकसाहेबांनी, महागडी वस्तू म्हणून, दालनाला कुलूप घातलं आणि मावशींना बजावलं, "तुम्ही फक्त फरशी पुसायची. भिंतीला काही झालं तर दुसऱ्या दिवशी कामावर यायचं नाही!"

झालं! पंधरा दिवस सकाळी सात ते नऊ आत मावशी आणि भिंत, दोघीच. आकडा चढत गेला. तीस, साठ, नव्वद. मावशी रोज डोळे भरून बघायच्या. एवढा उजेड, आणि आपल्यासाठी!

"आज सत्त्याण्णव आले गं माझे," त्यांनी घरी सांगितलं.

सून म्हणाली, "आई, तुम्ही माणूस आहात हे कळायला भिंत लागते होय?"

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे आले. कोट, टाय, छाती पुढे. ठिपके जमले, गोंधळले, पांगले. माणूस, तीन टक्के.

"साहेब, जरा ताठ उभे राहा," व्यवस्थापक कुजबुजले. पाहुणे ताठ झाले. आकडा दोनावर आला.

"तीस वर्षं मी तेच सांगतेय," पाहुण्यांच्या पत्नी म्हणाल्या.

ताई धावत आली. "पंधरा दिवस इथे कोण येत होतं?"

व्यवस्थापकांची नजर मावशींवर गेली. "काय करून ठेवलंत हे?"

"मी नुसती पुसत होते हो, साहेब!" नोकरी आता जातेच, असं मावशींना वाटलं आणि त्यातूनच त्यांना सुचलं. त्या पुढे झाल्या, पाहुण्यांच्या हातात मॉप दिला. "असा धरा. वाका. अजून वाका, लाजू नका. बादली जवळ घ्या."

माणूस, एक्क्याण्णव टक्के!

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग काय, मॉपसाठी रांग लागली. फोटोग्राफर वाकला, पाहुण्यांच्या पत्नी वाकल्या. व्यवस्थापकसाहेबांची गाडी चाळिसापुढे सरकेना. "तुम्हाला वाकायची सवय नाही, साहेब," मावशी हळूच म्हणाल्या. पाहुण्यांनी दुसऱ्यांदा नंबर लावला, मॉप हाती घेतला तो सोडेनात.

"अहो, आता मावशींना उभं करा!" कुणीतरी ओरडलं.

मावशी हसत पुढे गेल्या, ओळखीच्या घरी जावं तशा. हात रिकामे, पाठ सरळ. ठिपके आले, घुटमळले आणि विखुरले.

माणूस, दोन टक्के.

ताई भिंतीकडे बघतच राहिली. "बनवली मी," ती स्वतःशीच म्हणाली, "पण हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं."

पाहुणे ओशाळले. त्यांनी घाईघाईने मॉप पुढे केला. "घ्या मावशी, पटकन धरा."

मावशी त्या झगमगाटाकडे बराच वेळ बघत होत्या. केवढी हुशार पोर! दांडा पाठ केला, बादली पाठ केली, पाठीचा बाकसुद्धा पाठ केला. तोंडाकडे बघायचं तेवढं राहून गेलं.

"राहू द्या, साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या आणि पाहुण्यांच्या खुर्चीवर टेकल्या. "तुमच्या हातात बरा बसलाय. त्या खांबामागचं तेवढं राहिलंय बघा."

पाहुणे निमूट खांबाकडे वळले. व्यवस्थापकसाहेबांनी एकदा मावशींकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे पाहिलं, बाह्या वर केल्या आणि बादलीतलं पाणी बदलून आणायला गेले.