नवी घडी

बदलाचं शिबिर करून व्यवस्थापकसाहेब परतले तेव्हा त्यांच्या तोंडात एकही साधा शब्द शिल्लक नव्हता. घरी चहा मागतानासुद्धा ते "आपल्या संवादामागचा हेतू" असं काहीतरी म्हणाले. बायकोने शांतपणे चहा दिला. संसार असेच टिकतात.

साहेबांची लाँड्री मोठी. इस्पितळांच्या चादरी तिथे धुवून निघत. एका दालनात धुलाई, दुसऱ्यात इस्त्री, मध्ये एक दार, आणि दोन्हीकडच्या माणसांत छत्तीसचा आकडा. धुलाईवाले चादरींची गाडी दारातून ढकलत आणि इस्त्रीवाल्या तोंड फिरवून ती ओढून घेत. भांडण कशावरून लागलं होतं ते कुणालाच आठवत नव्हतं, त्यामुळे ते मिटवायचीही सोय नव्हती. शेवटी मालकीणबाई वैतागल्या. "सोमवारी दुपारी मी येते. दोन्ही विभाग एक झालेले दिसले नाहीत, तर इस्त्रीचं काम बाहेर देऊन टाकीन," त्यांनी बजावलं. म्हणजे इस्त्रीच्या सगळ्या बायका घरी बसणार. ते साहेबांना बघवलं नसतं. शब्द जडजड वापरत असले तरी माणूस मनाने वाईट नव्हता.

सोमवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. धुलाई या भिंतीला, इस्त्री त्या भिंतीला.

"मित्रहो, आपण संरचनात्मक परिवर्तनाच्या उंबरठ्यावर उभे आहोत..."

दोघातिघांनी खाली वाकून उंबरठा बघितला. बाकीच्यांनी जांभया दाबल्या. साहेबांना घाम फुटला आणि शिबिर बाजूला ठेवून ते एकदम बोलून गेले, "थोडक्यात काय, जुनी घडी मोडायची. सगळ्यांनी मिळून नवी घडी बसवायची."

इस्त्रीच्या मुख्य मावशी पुढे आल्या. "आजच?"

"आजच."

"बरं," मावशी म्हणाल्या. साहेब खोलीत जाऊन निवांत बसले. संदेश पोचला होता.

पोचला होता खरा, पण जिने उभा जन्म चादरींच्या घड्या घालण्यात घालवला, तिला घडी म्हणजे दुसरं काय कळणार? थोड्या वेळाने गलका ऐकून साहेब बाहेर आले, तर इस्पितळात जायला तयार असलेल्या चादरींचा अख्खा ढीग उलगडून पडलेला.

"अहो मावशी, हे काय चालवलंय? आत्ता गाडी येईल न्यायला."

"तुम्हीच म्हणालात ना, जुनी घडी मोडा. मोडली."

"अहो, ती घडी नव्हे. व्यवस्थेची घडी."

"मग व्यवस्थितच घालतोय की."

तेवढ्यात मधलं दार धाडकन उघडलं आणि धुलाईचे दादा आपली माणसं घेऊन आत घुसले. उलगडलेल्या चादरी बघून ते भडकले होते. "परत पाठवताय होय? आम्ही पुन्हा धुणार नाही, सांगून ठेवतो."

"धुवायचं कुणी सांगितलंय? धरायचंय," मावशी म्हणाल्या. "नव्या घडीला चार टोकं धरायला लागतायत, माझ्या बायका पुरत नाहीत. साहेबांनी सगळ्यांनी मिळून म्हटलंय."

दादा आपल्या हातांकडे बघत राहिले. "ओले आहेत."

"मग पुसा."

दादांनी हात पुसले. मग उभी घडी की आडवी यावर जुंपली. धुलाईवाले उभीच्या बाजूचे, म्हणून इस्त्रीवाल्या आडवीच्या. शेवटी दादा जरा घुटमळत म्हणाले, "आईला इस्पितळात ठेवलं होतं ना, तेव्हा नर्सबाईंना चादरीची टोकंच सापडायची नाहीत. म्हातारी बिचारी तशीच कुडकुडत बसायची. टोकं वर ठेवली तर?"

मावशींनी हातातली चादर फिरवून टोकं वर घेतली. मग म्हणाल्या, "तशीच घालू. आई बऱ्या आहेत ना आता?"

"बरी आहे."

साहेब थांबवायला पुढे सरसावले, तर मावशींनी त्यांच्याच हातात एक टोक दिलं. "उभेच आहात तर धरा. ओढू नका, नुसतं धरा."

साहेबांनी धरलं. चौघांनी हात वर केले आणि चादर उठली, फुगली, क्षणभर डोक्यावर पांढरीशुभ्र तरंगत राहिली आणि अलगद खाली येऊन टोकाला टोक जुळलं. शेजारी दुसरी उठली, पलीकडे तिसरी. बघता बघता सगळं दालन चादरींनी भरून वरखाली होऊ लागलं, आणि प्रत्येक चादरीच्या एका अंगाला धुलाई, दुसऱ्या अंगाला इस्त्री. कोणी कोणाला हुकूम देत नव्हतं, तरी एकही हात चुकत नव्हता. साहेबांच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं ते याच दालनात वावरत होते आणि ही माणसं काय चीज आहेत हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

इस्पितळाची गाडी भरून गेली तेव्हा मालकीणबाई दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी साहेबांना बाजूला घेतलं.

"मला तर वाटलं होतं, हे या जन्मी होणार नाही. असं समजावलंत तरी काय यांना?"

खोटं बोलायची संधी नामी होती. पण साहेब अजून चादरीतून बाहेर आले नव्हते.

"खरं सांगू का, बाई? यांना काहीच कळलेलं नाही. दोन्ही विभाग एक झालेत, याचासुद्धा यांना पत्ता नाही. पण काळजी करू नका, उद्या सगळ्यांना नीट बसवून समजावतो."

मालकीणबाईंनी आत बघितलं. मावशी दादांना त्यांच्या ओल्या सदऱ्याची बाही नीट दुमडायला शिकवत होत्या आणि दादा निमूटपणे शिकत होते.

"हे बघा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "एक शब्द जरी समजावलात, तर तुम्हालाच घरी बसवीन."