जुन्या पेठेची पायी सैर

सेलूच्या जुन्या पेठेतला दगड न् दगड मला ओळखतो! त्यामुळं निकितानं पेठेची पायी सैर काढली, तेव्हा माहिती सांगायला माझ्याशिवाय दुसरं होतंच कोण? निकिता म्हणजे शेजारची पोरगी. आर्किटेक्ट झाली, गावी परतली आणि पेठेतली बंद पडलेली दुकानं पुन्हा उभी करायला लागली.

"काका, सात ठिकाणं दाखवायचीत. एका जागी रमायचं न्हाई," तिनं बजावलं. "आज जमलं, तर दर रविवारी तुमीच!"

दर रविवारी! जन्मभर मी कीर्तनात समोर बसत आलो. आता लोक माझ्यासमोर बसणार... म्हणजे, उभे राहणार होते!

"कमी बोला," आमची सुमंगला एवढंच म्हणाली. तिचं ऐकलं असतं तर नवरा कसला!

परभणीहून पाहुणे आले, पायांत नवेकोरे बूट. पहिलं ठिकाण सांबप्पांचं भांड्यांचं दुकान. सागवानी दारं घासूनपुसून नुकतंच उघडलेलं. मी घसा खाकरला आणि सवयीनं तोंडातून नमनच निघालं. तेही चालीत!

झालं! समोरच्या सिद्धम्मा आजी सतरंजी घेऊन धावल्या. "कीर्तन उभ्यानं ऐकत्यात व्हय? बसा, बसा!"

पाहुणे बूट काढून बसले. सांबप्पांनी दुकानातली दोन झाकणं झांजेसारखी वाजवायला घेतली. मग मला कोण आवरणार? पेठेच्या वेशीतून निघालो तो थेट वैकुंठात पोचलो!

मागं निकिता घामाघूम. तिनं दोन्ही हात वर करून 'उठा, उठा' अशी खूण केली. आता कीर्तनात हात वर झाले की काय करायचं, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागतं? अख्ख्या पेठेनं हात वर केले.

"विठ्ठल! विठ्ठल!"

"काका, थांबवा हो!" निकिता रडकुंडीला आली.

"आरती झाल्याबिगर कुणी उठतं का गं?" आजींनी तिलाच दटावलं. "अन् प्रसादाला शिरा टाकलाय मी. लय तूप घातलंय!"

शिरा खाऊन पाहुणे उठायला गेले आणि धपकन खाली बसले. पायांना मुंग्या! एक साहेब तर दुकानाच्या खांबाला असे बिलगले, जणू जत्रेत हरवलेला भाऊच सापडला! शेवटी अख्खी पायी सैर रिक्षांत कोंबून स्टेशनवर पोचवावी लागली.

संध्याकाळी निकिता घरी आली.

"पुढच्या रविवारला माणूस मिळालं, काका."

"कोण?"

"सुमंगलाकाकू."

मी उसळलोच. "तिला पेठेतलं काय ठाऊक? येतं तरी काय तिला?"

"चालता येतं!"