खलील खालोंचा ख

आमच्या इमारतीत एकाच माणसाच्या घंटेवरची पाटी सारखी बदलत असते. तळमजल्यावरच्या. हाउसफरवाल्टुंग, म्हणजे इमारतीचं ऑफिस, तिथे छापील पट्टी लावतं: हलील. आठवडाभरात तिच्यावर कागदाचा तुकडा चिकटतो. त्यावर काळ्या पेनाने एक दणदणीत X काढलेला असतो आणि नाव होतं खलील. ऑफिस ते खरवडून काढतं. चार दिवसांत नवा तुकडा येतो. हॅनोव्हरच्या लिंडन भागात आम्हाला नऊ वर्षं झाली. ही लढाई त्याच्या आधीपासूनची आहे.

"ऑफिसवाल्यांवर माझा राग नाही," खालो म्हणतात. "ते बिचारे कागद बघून लिहितात. कागदाला काय कळतं?"

खालो म्हणजे कुर्दी भाषेत मामा. वय सत्तरीच्या आसपास, भरघोस पांढऱ्या मिशा, आणि उन्हाळ्यातही अंगात लोकरीचं जाकीट. ते तुर्कस्तानातले कुर्द. त्यांच्या भाषेत ख साठी X लिहितात. तुर्की लिपीत ते अक्षरच नाही, आणि सरकारी कागदावर ते चालायचंही नाही. म्हणून आईने ठेवलेला खलील शाळेच्या दाखल्यावर हलील झाला, आणि तोच हलील पुढे जर्मन कागदांवरही आला. जन्मतारीखही तशीच. कारकुनाने सोयीसाठी एक जानेवारी टाकली. आई म्हणायची, तुती पिकली तेव्हा तू झालास. त्यामुळे एक जानेवारीला कुणी शुभेच्छा दिल्या तर खालो "कागदाला सांगतो" म्हणतात आणि जूनमध्ये तुतीचं भांडं घेऊन दारोदार फिरतात.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला जिन्यात अडवलं. आमचं सगळं बोलणं जर्मनमध्ये.

"भारत? म्हणजे हिंदी?"

"नाही, मराठी."

त्यांचे डोळे चमकले. "वेगळी भाषा? शाळेत शिकवतात?"

"मी दहावीपर्यंत मराठीतच शिकले. आमच्याकडे बसवरचे आकडेसुद्धा मराठीत असतात."

"आणि पोलीस काही म्हणत नाहीत?"

"पोलीस स्वतःच मराठी बोलतात."

खालो खाली पायरीवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग शांतपणे म्हणाले, "केचा मिन, म्हणजे माझ्या लेकी, तू फार श्रीमंत घरातली आहेस." कराडच्या शाळेत मी दहा वर्षं बाकं घासली, पण त्याबद्दल कुणाचे आभार मानावेत, असं मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

कुर्दांचा इतिहास सांगायला त्यांना नकाशा लागत नाही. समोर जे असेल ते ते चार भागांत कापतात. रोटी, कलिंगड, एकदा तर नवी कोरी साबणाची वडी. माझी मुलगी इरा सात वर्षांची झाली तेव्हा केक कापायचा मान आम्ही त्यांना दिला. ही चूक आमची. त्यांनी सुरी उभी-आडवी फिरवली आणि अकरा मुलांना सांगायला सुरुवात केली: "तर, हा तुर्कस्तान, हा इराण, हा इराक, हा सीरिया. मधल्या डोंगरांत राहणारे आम्ही. सुरी फिरवणाऱ्यांनी आम्हाला विचारलं का? नाही." वीस मिनिटं झाली. शेवटी एका मुलाने नम्रपणे विचारलं, "मला इराक मिळेल का?" खालोंनी त्याला सर्वांत मोठा तुकडा दिला.

इराला मराठी कळायची, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. मी विचारणार, "जेवलीस का?" ती म्हणणार, "या, शोन," म्हणजे हो, कधीच. हळूहळू मीही हार मानली आणि तिच्याशी जर्मन बोलू लागले. खालोंनी ते जिन्यात ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून इरापुरते ते ठार बहिरे झाले. ती जर्मनमध्ये "हालो" म्हणाली की कानामागे हात धरायचे. मराठी शब्द आला तरच ऐकू यायचं. शब्द त्यांच्या वहीत उतरायचा, आणि बदल्यात एक कुर्दी शब्द आणि मूठभर सुकी तुती मिळायची. त्यांच्याकडे नावाला नाव म्हणतात, माशाला मासी, नव्याला नू. असा एखादा जुळला की खालो वही उंचावून आख्ख्या जिन्याला सांगायचे, "बघा, भावंडं आहोत."

इरा तुतीसाठी शब्द शोधू लागली. "आई, छत्रीला काय म्हणतात? आणि शिंकेला?" शब्दांची वाक्यं कधी झाली, मला कळलंही नाही.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई आल्या होत्या. मंदार, माझा नवरा, कामासाठी बर्लिनला, मी ऑफिसात. दुपारी सासूबाई जिन्यावरून घसरल्या. मनगट मोडलं, डोकं आपटलं. आवाज ऐकून पहिले धावले ते खालो. त्यांनी अँब्युलन्स बोलावली, नुकत्याच शाळेतून आलेल्या इराला बरोबर घेतलं आणि मला फोन केला.

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा इरा आजीच्या खाटेला टेकून उभी होती. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, ती मराठीत आजीला विचारत होती आणि आजीचं उत्तर जर्मनमध्ये सांगत होती. रक्त पातळ व्हायची गोळी आजी रोज सकाळी घेते, हेही तिनेच सांगितलं होतं. म्हणून डोक्याचा स्कॅन लगेच झाला. आत थोडा रक्तस्राव सापडला. "गोळीचं कळलं नसतं तर आम्ही आधी हातच बघितला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

खालो बाहेर भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांचे आभार मानायला गेले.

पण आधी तेच बोलले. "चोविसाव्या वर्षी मी तुरुंगात होतो. आमच्या भाषेतली पत्रकं वाटली म्हणून. आई दिवसभर बसने प्रवास करून भेटायला आली. भेटीत फक्त तुर्की बोलायची परवानगी. तिला तुर्कीचा एक शब्द येत नव्हता. दहा मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. मग शिपायाने तिला उठवलं. पुढे मी इकडे आलो. ती परत दिसली नाही."

मी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकले.

"आज दाराबाहेर उभा राहून मी आजी-नातीचं बोलणं ऐकत होतो," ते म्हणाले. "एक अक्षर कळलं नाही. फार बरं वाटलं."

सासूबाई सहा दिवसांनी घरी आल्या. दुसऱ्याच दिवशी, हात गळ्यात बांधलेला असताना, त्यांनी मला शिरा करायला लावला आणि खालोंना चहाला बोलावलं. "तुमचे उपकार कसे फेडू, भाऊ?" त्या सरळ मराठीत म्हणाल्या. खालोंनी छातीवर हात ठेवला आणि कुर्दीत काहीतरी म्हणाले. मी भाषांतराला सरसावले, तर दोघांनीही मला हाताने थांबवलं.

मग खालो बोलू लागले. जर्मनमध्ये नाही, त्यांच्या भाषेत. आधी अडखळत, मग सलग. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झालीत. लेक म्युनिकला, नातवंडांना कुर्दी येत नाही. घरात ते कुणाशी बोलत असतील, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला पडला नव्हता. मध्येच ते हसत, मध्येच मिशीवरून हात फिरवत. शिरा गार झाला.

मी हळूच विचारलं, "आई, तुम्हाला काही कळतंय का?"

"नाही गं. पण बोलू दे त्यांना. किती दिवसांचं साठलंय."

सासूबाईंनी डाव्या हाताने खालोंच्या कपात चहा ओतला, थोडा बशीत सांडला, आणि पुढे सरकून म्हणाल्या, "हं. मग?"