थांबणारी जीप

आमच्या आळीत कुणी नवी गाडी घेतली की लोक विचारायचे, "ॲव्हरेज किती देते?" नाना लिमये तसलं काही विचारायचे नाहीत. ते धोतर सावरत गाडीभोवती एक चक्कर मारायचे, पुढच्या चाकाशी उकिडवे बसायचे, एक डोळा मिटून आत बघायचे आणि उठता उठता म्हणायचे, "थांबते काय?"

गाडीवाला बिचारा पेढे वाटत असायचा. "अहो नाना, कालच आली शोरूममधून!"

"आली ती दिसत्येय मला. थांबते काय ते सांग."

हा प्रश्न नानांनी अख्ख्या जगाला लावला होता. देवळात नवा कीर्तनकार आला, लोक त्याच्या आवाजाने खूश. नाना उत्तररंगातच उठून घरी आले. "आवाज गोड आहे हो मास्तर, पण थांबत नाही मेला." माझ्या मेहुणीला स्थळ सांगून आलं, तेव्हा मुलगा इंजिनियर, घर स्वतःचं, बागायत वेगळी. नाना म्हणाले, "ते सगळं असू दे. चिडला की थांबतो काय, ते बघा." आम्ही हसलो. पण बायकोने गुपचूप चौकशी केली बरं का! मुलगा चिडला की थांबायचा. मग लग्न ठरलं.

मी शाळेत मास्तर, नाना शेजारी. त्यांची हापूसची बाग गोळपच्या अंगाला, आणि बागेत जायला मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी जीप. ही जीप लढाईवर गेली होती म्हणतात. कुणाच्या बाजूने लढली देव जाणे, कारण तिचे ब्रेक मुळात इतके बेताचे की भाट्याच्या पुलावर थांबायचं तर मारुती मंदिरापासून मनाची तयारी करावी लागायची.

आणि एकदा ते ब्रेक गेलेच. नाना आणि गोदाकाकू गुहागरला निघाले होते, काकूंच्या माहेरी. निवळीचा घाट उतरताना नानांनी पेडल दाबलं, ते सरळ तळाला गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तळाला. एका बाजूला दरी. नानांनी जीप डोंगराकडच्या जांभ्या दगडाच्या बांधावर घातली. नानांना खरचटलंसुद्धा नाही. काकूंचा उजवा पाय मोडला.

पाय जुळला, पण त्यातला जोर गेला. काकू काठी घेऊन घरात, अंगणात, फार तर देवळापर्यंत चालायच्या. एसटीची पायरी चढवेना, आणि जीप तर सोडाच, कुठल्याही मोटारीत बसायचं म्हटलं की त्यांच्या हातापायाला कापरं भरायचं. रिक्षासुद्धा नको. गुहागरला त्यांची आई होती, ऐंशीच्या पुढची, दिसत नव्हतं फारसं. तिकडून कुणी आलं की म्हातारीचा निरोप यायचा, "गोदीला म्हणावं, एकदा येऊन जा." काकू निरोप आणणाऱ्याला कोकम सरबत द्यायच्या आणि म्हणायच्या, "येईन म्हणावं." अशी कैक वर्षं गेली.

नानांनी जीप विकली नाही. आळीत सगळ्यांनी नावं ठेवली, मीही ठेवली. बायकोचा पाय मोडला त्या खटाऱ्याला माणसाने दारात का ठेवावं? पण नानांच्या डोक्यात तेव्हापासून एकच गोष्ट शिरली, ती म्हणजे थांबणं. "धावायला काय, उतार पुरतो," ते म्हणायचे. "थांबायला अक्कल लागते."

एक दिवस ते हातखंब्याच्या नाक्यावरच्या भंगारवाल्याकडे गेले. तिथे लिलावात निघालेला एक मोठा ट्रक उभा होता. भंगारवाला म्हणाला, "घ्या नाना, इंजिनात दम आहे." नाना म्हणाले, "तुझा ट्रक नको मला. त्याचं थांबणं तेवढं सोडवून दे."

सामान गजा मिस्त्रीच्या गॅरेजात आलं. गजा मूळचा संगमेश्वराकडचा, हात बरा, जीभ त्याहून बरी. त्याने ट्रकचा ब्रेक ड्रम दोन्ही हातांनी उचलला, जीपच्या चाकाशेजारी धरला आणि खाली ठेवला.

"नानानू, ह्यो टरकचा बिरेक हाय. जीपला लावला तर जीप थांबंल, पन तुमी फुडं जाशाल."

"मी माझं बघून घेईन. तू लाव."

"आवो, पन ही वीस मैलाच्या वर पळत नाय! हिला कशाला येवढा बिरेक?"

"मुंगीला साखळदंड घालतोय असं समज. लाव!"

ते काही सरळ बसेना. ड्रम मोठा, रिममध्ये मावेना. मावला तर बोल्टची भोकं जुळेनात. नवी भोकं पाडली तर तेल पुरेना. ट्रकच्या ब्रेकची तहान ट्रकएवढी, आणि तेल ढकलणारा जीपचा मास्टर सिलिंडर फुलपात्राएवढा. म्हणून ट्रकचा मास्टर सिलिंडर आणला, तर पेडल इतकं कडक झालं की गजा त्यावर उभा राहिला तरी हलेना. नाना रोज शाळा सुटायच्या वेळेला कोपरापर्यंत काळे हात घेऊन घरी यायचे आणि मला कुंपणावरून बातम्या द्यायचे. मला ब्रेकमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बातम्या ऐकायला मी थांबायचो, म्हणून नाना माझ्यावर खूश.

गजाने आधी पुढच्या दोन चाकांचेच ब्रेक बसवले आणि मागचं उद्या करू म्हणाला. नानांना कुठला दम! ते आंब्याच्या पेट्या भरून बाजारात निघाले, मी शेजारी. मांडवीच्या अलीकडे एक म्हैस आडवी आली. नानांनी दोन्ही पायांनी पेडलवर जोर लावला. जीप थांबली. पेट्या मात्र थांबल्या नाहीत. एक माझ्या पाठीत बसली, बाकीच्या काचेवरून पुढे गेल्या, आणि अस्सल हापूस साऱ्या रस्त्यावर घरंगळला. मागून एसटी आली होती. तिच्यातल्या उतारूंनी उतरून फार मनापासून मदत केली, पण आंबे काही सगळे परत आले नाहीत. नानांच्या कपाळावर हे एवढं टेंगूळ!

"नाना, आंबे गेले हो!"

"जाऊ देत मास्तर," नाना टेंगूळ चोळत हसत होते. "थांबली की नाही?"

मग मागचेही ब्रेक बसले. पण नानांचं समाधान होईना. पेडल कडक आहे, हीच त्यांची तक्रार. गजा वैतागला. "नानानू, तुमच्या पायात ताकद हाय, मग हलकं कशाला होवं?" नानांनी धोतर झटकलं. पुन्हा हातखंब्याला जाऊन त्याच ट्रकचा बूस्टर घेऊन आले. बूस्टर म्हणजे डब्यासारखी एक वस्तू. इंजिनाच्या जोरावर ती पाय हलका करते, एवढंच मला समजलं.

बूस्टर लागल्यावर बागेच्या गावात गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आमच्याकडे नवी विहीर असो की नवी म्हैस, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय गत्यंतर नाही. गुरव हात जोडून उभा राहिला. "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरानं गाडीला नवं सामान घातलंन. तर ती वाऱ्यावानी धावू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो.

"थांब, थांब!" नाना मध्येच पुढे झाले. "धावू दे काय? थांबू दे म्हण!"

गुरवाने हात खाली घेतले. "नाना, माझ्या बापजाद्यांनी असलं गाऱ्हाणं घातलं नाय. देव आयकतो, म्हायती हाय ना?"

"ऐकू दे की!"

गुरवाने नाइलाजाने देवाकडे बघून सांगितलं, "सांगतील थितं थांबू दे रे म्हाराजा!" आम्ही व्हय म्हाराजा केलं, नारळ फुटला, नाना जीपमध्ये बसले, आणि जीप चालूच होईना. हँडल मारून मारून गजाचे खांदे गेले, ढकलून ढकलून गावाचे. शेवटी बूस्टरची नळी निसटलेली निघाली. पण गावाने ते मानलं नाही. देवाने नानांचं ऐकलं, असंच सगळे अजून सांगतात.

त्याच सुमारास माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. अंगाने काडी, बोलण्यात साताऱ्याच्या. नाना सकाळी सकाळी दारात. "मास्तर, तुमच्या सासूबाईंना जरा पाठवता? ब्रेक दाबायचाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. बायको म्हणाली, "चळले बहुतेक." पण सासूबाईंना हौस. त्या पदर खोचून शाळेच्या मैदानावर गेल्या आणि थेट ड्रायव्हरच्या जागी बसल्या! नाना शेजारून वाकून सुकाणू धरणार, जीप पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने चालणार, आणि सासूबाई ब्रेक दाबणार, असा बेत.

"विहीणबाई, जोर करायचा नाही हां. पापडाच्या लाटीवर बोट टेकवावं तसा पाय टेकवायचा."

सासूबाईंनी पाय टेकवला. जीप जागच्या जागी उभी राहून बंद पडली. सासूबाईंचा चष्मा ओटीत आला, आणि नानांचं डोकं काचेच्या चौकटीवर आपटलं, नेमकं जुन्या टेंगळावर.

"जोर केलात?" नानांनी विचारलं.

"छ्या, कुठला जोर? नुसता ठेवला की!"

नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. लागलं असणार जोरात, असं मला वाटलं. सासूबाई मात्र साताऱ्याला जाऊन महिनाभर सांगत होत्या, की कोकणात मी मोटार चालवली.

त्यानंतर नाना पुन्हा गजाकडे गेले आणि या वेळी मला काही सांगेनात. कुंपणावरच्या बातम्या बंद.

वैशाख संपत आला होता. एका संध्याकाळी गुहागरहून माणूस आला. आईने अंथरूण धरलंय, दोन घास जात नाहीत, गोदी गोदी करत्येय. काकूंनी त्यालाही सरबत दिलं. "येईन म्हणावं" एवढं मात्र त्यांना म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी जीप पायरीला लावली आणि मला हाक मारली. "मास्तर, मागे बसा. माझं एकट्याचं तुमची काकू ऐकायची नाही."

काकू काठी टेकत दारात आल्या. जीप बघून त्यांचे ओठ पांढरे पडले. "अहो, मी नाही बसायची. तुम्हाला ठाऊक आहे ना!"

"बस म्हणत नाही. नुसतं बघ." नाना डावीकडच्या बाजूला गेले आणि खाली बोट दाखवलं. मी वाकून बघितलं. शेजारच्या सीटपुढे, ड्रायव्हरसारखंच आणखी एक ब्रेकचं पेडल होतं. खालून सळईने जोडलेलं. वर जुन्या लुगड्याची मऊ पट्टी गुंडाळली होती.

"हा तुझा ब्रेक," नाना म्हणाले. "तुला वाटेल तिथे दाब, गाडी थांबेल. का थांबवलीस, म्हणून मी विचारायचा नाही."

"माझ्या पायात जोर कुठाय हो?"

"नकोच जोर. म्हणून तर ट्रकचा लावला. नुसता पाय टेकव."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सासूबाई, पापडाची लाटी, गजाशी ते भांडण, सगळं! इतकी वर्षं आम्ही ज्याला नानांचं खूळ म्हणत होतो, ते काकूंच्या एका दुबळ्या पायाच्या मापाचं होतं.

काकू आत गेल्या. नाना माझ्याजवळ आले. "त्या दिवसापासून एका शब्दाने बोलली नाही मला, मास्तर. चार शिव्या दिल्या असत्यान, तर बरं झालं असतं हो." ते एवढं बोलले, आणि काकू बाहेर आल्या. अंगावर नवं लुगडं, हातात आईसाठी घेतलेली फणसपोळी.

आम्ही निघालो. फाटकाशी काकूंनी ब्रेक दाबला, थांबलो. मारुती मंदिराशी थांबलो. कोंबडी आडवी आली, थांबलो. मग कोंबडी नसतानाही थांबलो. काकू दाबायच्या, नाना क्लच दाबून समोर बघत बसायचे, काकूंनी पाय उचलला की निघायचे. मी मागे आदळून आदळून खिळखिळा झालो होतो. हातखंब्याच्या अलीकडे एसटी पुढे गेली, तिच्यातून कंडक्टर ओरडला, "नाना, ढकलायला उतरू काय?" नानांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

निवळीचा घाट लागला. ते वळण आलं आणि तो जांभ्याचा बांध दिसला. काकूंनी पाय टेकवला. एवढ्या उतारावर जीप थांबली, तसूभरही सरकली नाही.

काकू बांधाकडे बघत राहिल्या. ढासळलेले चिरे कुणीतरी पुन्हा रचले होते, फटींतून झुडपं उगवली होती. नानांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. इतकी वर्षं त्यांनी तो प्रश्न लोकांना दरडावून विचारला होता. आज तो त्यांच्या तोंडून जेमतेम बाहेर पडला.

"थांबते ना गं?"

काकूंनी पेडलवरचा पाय काढला. तो दुखरा पाय हाताने उचलून त्यांनी सीटवर मांडी घातली, वरून लुगडं नीट केलं, आणि फणसपोळी मांडीत ठेवली.

"थांबते हो. कळलं मला. आता जरा पळवा की! आई वाट बघत्येय."

नानांनी जोराने मान हलवली, गिअर टाकायला हात नेला, आणि कितीतरी वेळ त्यांना गिअरच सापडेना.