दाराचा पंचनामा

मांजर दूध प्यायले की लोक मांजराला हाकलतात. आमच्या शेजारी मात्र पंचनामा व्हायचा.

एका सकाळी मी तोंडाला साबण लावून दाढीला बसलो होतो. भिंतीपलीकडून हाक आली, "मास्तर, या बरं दोन मिंटं! एक पंच कमी पडून राहिला!"

गेलो तसाच. गुलाबराव जमादार बनियनवर चुलीपुढे उकिडवे बसून लिहीत होते. पातेले कलंडलेले, मांजर मिशा चाटत बसलेले आणि गिरजाबाई, म्हणजे जमादारीणबाई, कपाळाला हात लावून उभ्या. पहिला पंच म्हणून समोरचा शिंपी आधीच धरून आणला होता.

"अवो, मी सोता पाह्यलं ना तिले पिताना!"

"तू फिर्यादी हायेस वं. फिर्यादीच्या एकटीच्या बोलन्यानं शिक्षा होते काय?"

"मंग तिच्या मिशीले लागलं ते काय गंगाजल हाये?"

"तो मुद्देमाल," जमादार म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी या मोहल्ल्यातले प्रतिष्ठित इसम हा ना?"

साबणाच्या तोंडाने मी हो म्हटले आणि सही केली. निघताना सहज बोललो, "एवढं कशाला? जरा दरडावून विचारा मांजराला, कबूल होईल."

जमादारांचा चेहरा पडला. "पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाई, मास्तर. बिलकुल नाई."

हे 'कोर्टात टिकन काय?' त्यांच्या तोंडी दिवसातून पन्नासदा यायचे. नागपूर तेव्हा राजधानी होते, हायकोर्ट गावातच होते. एका वकिलाच्या ओसरीवर दर रविवारी बसून हा माणूस मुनशीकडून नवे निकाल ऐकायचा आणि लाल कापडाच्या वहीत उतरून घ्यायचा. त्या निकालांना तो 'रुलिंग' म्हणे आणि मोहल्ला त्याला 'रुलिंग जमादार' म्हणे. जावई चार दिवस राहायला आला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी हे सासऱ्याच्या गांभीर्याने म्हणाले, "चोवीस तास होऊन राह्यले. आता ठेवाचं त मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागते." जावई बिचारा भित्रा, त्याने पिशवी भरायला घेतली. गिरजाबाईंनी नवऱ्याला असे काही झापले की सांगायची सोय नाही.

चौकीवरचे बाकीचे शिपाई चार चोर आत टाकायचे, तेवढ्यात यांचा एक चोर अर्धा पकडून व्हायचा. वाटेत ते त्याला समजावत, "तुले काहून धरलं ते सांगून ठेवतो गा. उद्या म्हनशीन, सांगतलं नाई." एका खिसेकापूने तर हात जोडले होते म्हणतात, की जमादारसाहेब, दोन थपडा मारा पण हे पुरे करा.

आता खरे सांगायचे तर जमादार हे जमादार नव्हतेच. त्यांची बाहीवरची फीत पूर्वीच उतरली होती आणि नोकरी साध्या शिपायाची उरली होती. मोहल्ल्याने त्यांना जमादार म्हणणे सोडले नाही, एवढेच. गिरजाबाईंनी ती जुनी फीत धुऊन, इस्त्री करून ट्रंकेत ठेवली होती. निवृत्तीच्या आधी ती परत बाहीवर चढावी, हा त्या बाईचा एकच नवस होता.

फीत कशी गेली, हे जमादारांनी मला स्वतः सांगितले. लकडगंजातल्या एका व्यापाऱ्याचे रेशीम चोरीला गेले होते. संशय नामा नावाच्या विणकरावर आला. तेव्हाची रीत अशी, की पंचनामा चौकीत बसून लिहायचा. एक ठरलेला पानवाला असे, तो पंच म्हणून कोऱ्या कागदांवर आधीच अंगठे उठवून ठेवी. जमादारांनीही तसेच केले. नामा पाच महिने आत राहिला. मग खटला उभा राहिला आणि नामाच्या वकिलाने पानवाल्याला विचारले, "झडतीला गेलात, तेव्हा घराचं दार कोणत्या रंगाचं होतं?"

"हिरवं, साहेब," पानवाला ठासून म्हणाला.

नामाच्या घराला दारच नव्हते! गोणपाटाचा पडदा होता. कोर्ट पोट धरून हसले. जज्जसाहेब तेवढे हसले नाहीत. नामा सुटला, आणि निकालात जमादारांच्या नावाने दोन परिच्छेद लिहिले गेले. त्या परिच्छेदांनी फीत खाल्ली.

"फीत गेली त गेली," जमादार मला म्हणाले. "पन मास्तर, पाच महिने तो मानूस आत होता अन् मी त्याचं घरबी पाह्यलं नवतं." एवढे बोलून ते उगाच वहीची पाने चाळत बसले. शाळेत मीही न वाचता पेपर तपासले आहेत.

त्यांच्या निवृत्तीला महिना उरला आणि लकडगंजात परत रेशमाचे गाठोडे गेले. एकदा नाव लागले की लागले, परत नामाच. नवे साहेब तरुण, घाईचे. त्यांनी जमादारांना बोलावून सांगितले, "हे प्रकरण नीट उरका, जमादार. तुमच्या फितीचा कागद माझ्या टेबलावरच आहे." त्या दिवशी गिरजाबाईंनी ट्रंक उघडली आणि फितीला परत इस्त्री केली.

पंच म्हणून मी आणि शिंपी गेलो. नामा आणि त्याची बायको दारात, म्हणजे पडद्यात, उभी होती. जमादार म्हणाले, "नामा, पयले तू आमची झडती घे."

"मी? तुमची?"

"हाव. आमी खिशातून काई आनून टाकलं नाई, हे दिसलं पायजे ना गा."

नामाने चाचपडत झडती घेतली. माझ्या खिशात खडूचा तुकडा, शिंप्याच्या खिशात चार गुंड्या आणि जमादारांच्या खिशात तंबाखूची चंची निघाली. तिन्हींची नोंद झाली. मग आत गेलो आणि हातमागाच्या खड्ड्यात, कोपऱ्यात, गाठोडे सापडले.

नामाची बायको मटकन खाली बसली. "देवाशपथ, आमी सकाळपासून बजारात होतो," एवढेच ती परत परत म्हणत होती. जमादार मांडी घालून बसले आणि तीन तास लिहीत राहिले. मी वाचून सही केली म्हणून मला ते आजही पाठ आहे: "घराला दार नाही. गोणपाटाचा पडदा आहे. कडी नाही, कुलूप नाही. आम्ही लिहीत असताना एक कुत्रा, दोन कोंबड्या व शेजारची एक बाई कोणास न विचारता आत येऊन गेली."

दुसऱ्या दिवशी चौकीतून मला बोलावणे आले. साहेबांच्या हातात तो कागद होता.

"या कोंबड्या काय आहेत, जमादार?"

"दोन होत्या, साहेब. एक पांढरी."

"दाराची आणि कोंबड्यांची ओळ काढा. नवा कागद करा. मास्तर, तुम्ही सही करा आणि जा शाळेत."

खोटे कशाला बोलू, मी केली असती सही. घरी बायको-पोरे होती. दौतीकडे हात गेलाही होता. तेवढ्यात जमादार शांतपणे म्हणाले, "साहेब, सह्या झालेली नक्कल घरवाल्याले देऊन टाकली. कायदाच हाये तसा. आता दोन कागद दोन बोलतीन. अन् कोनीबी येऊन जाते अशा उघड्या जागेत माल सापडला, त एकाच्या गळ्यात बांधता येत नाई. रुलिंग हाये."

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. "हे कोर्टात टिकणार नाही," असे ते स्वतःशीच पुटपुटले. नामा संध्याकाळी घरी गेला. फितीचा कागद मात्र टेबलावरून फायलीत गेला आणि परत वर आला नाही.

पंधरा दिवसांनी त्याच व्यापाऱ्याच्या गोदामातला हमाल दुसरे गाठोडे नेताना सापडला आणि पहिलेही त्यानेच नामाच्या घरात लपवल्याचे बोलला. मी आनंदाने धावत सांगायला गेलो. जमादारांनी चिंतेने विचारले, "पोलिसापुढं कबूल झाला काय? मंग कसं टिकन?"

फितीशिवायच ते निवृत्त झाले. गिरजाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी फीत ट्रंकेत तळाशी घातली आणि म्हणाल्या, "जाऊ द्या. शिपाई त शिपाई, कोनाचा शाप त नाई."

त्यानंतरच्या रविवारी जमादार वकिलाच्या ओसरीवर गेले नाहीत. माझ्याकडे आले. "चला मास्तर, पंच पायजे." लकडगंजच्या लाकडांच्या बाजारातून त्यांनी एक दार करून घेतले होते. सागवानी, हिरव्या रंगाचे! हातगाडीवर टाकून आम्ही दोघांनी ते ढकलत नामाच्या घरी नेले. सुतार आधीच येऊन बसला होता.

वाटेत मला राहवेना. "जमादार, दार नव्हतं म्हणून तर वाचला तो! आता तुमचं रुलिंग कामाला येणार नाही त्याच्या."

"रुलिंग धरल्यावर वाचवते, मास्तर. कडी लावली त आत आनून टाकनाराच येत नाई." गाडी ढकलता ढकलता त्यांना धाप लागली होती. "अन् आता कोनी पोलीस आला त आधी कडी वाजवन."

दार बसले. नामाने तीनदा उघडून लावून पाहिले. जमादारांनी सवयीने कागद काढला आणि लिहिले, "दार एक, रंग हिरवा, कडी आतून." माझी सही झाली. दुसरा पंच नव्हता. सुतार हत्यारे आवरून निघून गेला होता. जमादार आता पोलीस नव्हते, तेव्हा अंमलदाराच्या जागी त्यांना सही करता येईना. लेखणी हातात धरून ते घुटमळले.

"नामा, मी चालन काय गा पंच म्हनून?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "पंच प्रतिष्ठित लागते. तुले चालत नसन त..."

नामाने त्यांच्याकडे पाहिले. पाच महिने त्याने आत काढले होते, ते यांच्याच कागदावर. मग त्याने आतून घोंगडी आणून अंथरली.

"बसा जमादारसाहेब," तो म्हणाला. "चालते. टिकन कोर्टात."

जमादार बसले. सही करायला त्यांना बराच वेळ लागला, कारण त्यांना कागदच दिसत नव्हता. मी दाराच्या कडीकडे पाहत उभा राहिलो.