धनराजचा रंग कोणी चोरला?

माझं नाव ऐकलं की गुन्हेगारांना घाम फुटतो, असं मी ऐकून आहे. म्हणजे मीच सांगतो आणि मीच ऐकतो. मी गुणवंतराव, सावली गावातल्या फोटो स्टुडिओचा मालक आणि अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्याचा गुप्तहेर. गुप्त इतका, की जिल्ह्याला अजून पत्ता नाही.

मनकर्णाबाईंनी घरी बोलावून मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यांच्या मयुरीला राजुऱ्याच्या धनराजचं स्थळ आलं होतं आणि पोराचा फोटो होता काळा-पांढरा.

"रंगीत फोटो धाडाले काय झालं त्याले? काईतरी लपवून राह्यला. त्याइले नाईच कळवा लागते आता."

मयुरीचा चेहरा पडला. तिला मुलगा पसंत होता, पण मी पुराव्यात गुंतलो होतो.

"बाई, माझ्या स्टुडिओत रंगीत फोटो काळा-पांढरा होतो तो एकाच कामासाठी. हार घालायला." तपासात मी पुण्याची भाषा वापरतो, वजन पडतं. "मुलगा हयात नाही."

"भाऊ, काल फोनवर बोलला नं तो माह्याशी," मयुरी म्हणाली.

"मग फोटो त्याच्या आजोबांचा आहे."

"हातात मोबाईल हाय त्याच्या."

"साबणाची वडी असेल."

पुरावा वाढवावा म्हणून मी पुढचे फोटो सरकवले आणि हादरलो. शुभ सकाळचे गुलाब काळे, आत्याची हिरवी पैठणी राखाडी, मामाच्या शेतातल्या बांधीतला हिरवा धानसुद्धा राखाडी!

"टोळी मोठी आहे," मी कुजबुजलो.

"भाऊ, इकडं पाहा." मयुरीनं त्याच मोबाईलवर माझा फोटो काढून दाखवला. माझा गुलाबी शर्ट त्यात राखेसारखा दिसत होता.

"अरे बापा, मले बी गाठलं!" पुण्याची भाषा पुण्याला गेली.

मयुरीनं फोनच्या सेटिंगमध्ये एक बटण दाबलं. गुलाब लाल झाले, शर्ट गुलाबी झाला आणि धनराज चांगला सावळा, हसरा निघाला. सगळे फोटो रंगीतच होते, रंग फक्त फोनच्या पडद्याचा गेला होता.

"हा तं काळा हाय वं!" मनकर्णाबाई ओरडल्या.

"काल ह्याच फोटोले तूच म्हणली, नाक-डोये साजरे हायेत. ह्याच्या आधीचे दोन पोरं रंगावरून परत धाडले तू. म्हणून मीच फोनचा रंग काढला. म्हटलं, माय एकदा तरी मानूस पाह्यन."

गुन्हेगार घरातलाच असल्याचा मला पहिल्यापासून संशय होता, असं मी जाहीर केलं. कोणी ऐकलं नाही.

मनकर्णाबाईंनी फोटो पाहिला. मग मोबाईल धरलेला स्वतःचा हात पाहिला. तोही तसाच सावळा होता.

"बलाव त्याइले," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "पन पयले तुह्या आत्याच्या फोनातला रंग काढ. ते लय बोलते."