देवकाते सरांची नळी

आमच्या कॉलेजातले देवकाते सर नमस्काराच्या बदल्यात प्लास्टिकची एक छोटी नळी पुढे करतात. "मॅडम, जरा लाळ द्या."

सर लाळेतलं एक एन्झाइम मोजतात. केसाहून कितीतरी बारीक कणांचा सेन्सर केलाय त्यांनी. त्यात लाळ टाकून वरून प्रकाश सोडला की कण चमकतात; एन्झाइम जेवढं जोरात, तेवढी चमक जास्त. आणि जिवाला घोर लागला की हे एन्झाइम वाढतं म्हणे. "जीभ खोटं बोलंल मॅडम, लाळ नाय बोलणार," हे वाक्य मी रोज ऐकते, तेही नेमका डबा उघडल्यावर.

आता आपल्या शहरात थुंकीला काय तोटा? जिने, कोपरे, नवेकोरे पूल, सगळं रंगलेलं. दुष्काळात नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं, तरी या उत्पादनात खंड पडला नाही. पण विज्ञानासाठी चार थेंब मागितले की भल्याभल्यांच्या तोंडाला कोरड पडायची. शहागंजच्या बाजारात उदार माणसं भेटली, पण सगळी गुटखेवाली.

"रंगीत चालत नाय हो, भाऊ!"

"अब सफेद किधर से लाऊं, साब?"

त्याच दुष्काळी उन्हाळ्यात सरांनी आईला पाचोडजवळच्या वस्तीवरून पैठण रस्त्यावरच्या नव्या फ्लॅटमध्ये आणलं. तिकडे विहीर आटलेली, इकडे टँकर निदान सोसायटीच्या दारात यायचा. जन्मभर मेंढरं राखलेली बाई; उरलेल्या चार शेळ्या धाकट्या लेकाकडे सोडून आली. कधीही विचारा, "लई बरं हाय इथं" हेच उत्तर.

सरांनी तिच्यापुढेही नळी धरली. "लेकाच्या हातात थुंकू व्हय रं?" म्हातारी भडकली. मग आमच्या शास्त्रज्ञाने युक्ती काढली. रोज सकाळी म्हणायचं, "आई, माझी दृष्ट काढ." ती त्यांच्या तोंडावरून हात फिरवून थू थू करायची आणि सर नेमक्या वेळी नळी आडवी धरायचे.

ती नळी रोज लख्ख चमकायची. सरांनी कण बदलले, दिवा बदलला, माझी लाळ घालून मशीन तपासलं. मशीन ठणठणीत होतं.

"सर, आईंनाच विचारा ना."

"इचारलं. बरं हाय म्हणती."

शेवटी एका शनिवारी ते तिला वस्तीवर घेऊन गेले. आठवडाभर तिला तिथेच ठेवलं. पुढच्या रविवारी पुन्हा जाऊन, सकाळी रोजच्याच वेळेला दृष्ट काढून घेतली आणि नळी बर्फात घालून आणली. सोमवारी ती माझ्यासमोर मशीनला लावली. जेमतेम उजेड.

"आता आईंना आणायला कधी जाताय?" मी विचारलं.

"नाय आणत. शेळ्यांपाशी हाय तर असू द्या. पाण्याचे जार मी नेऊन टाकीन दर रविवारी."

"आणि तुम्ही?"

"फ्लॅट हाय की लई मोठा."

सर मशीन पुसत बसले, पुसलेलंच पुन्हा पुसत. मग मान वर न करता म्हणाले, "मॅडम, तुम्हाला येती का हो दृष्ट काढता?"

मला मेलीला कुठली येतेय! पण उठले. त्या पीएचडीवाल्या दांडग्या माणसाच्या तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली आणि भर प्रयोगशाळेत थू थू केलं. सर डोळे मिटून बसले होते. नळी धरायची विसरले.